मोत्या आणि बाजी एका घरात राहतील का?

रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नावं बदलली आहेत, कुत्र्यांचीसुद्धा. त्यांच्या मुंबईच्या दिरांनी हौसेने पिटबुलचं पिल्लू घेतलं. फ्लॅटमध्ये जमेना, म्हणून चार महिन्यांचा बाजी गावच्या घरी आला तो तिथलाच झाला. घरात सात वर्षांचा गावठी मोत्या आधीपासून होता. दोघे एका पोत्यावर झोपायचे, समुद्रावर एकत्र पळायचे. बाजीला दोन वर्षं झाल्यावर मात्र तो मोत्याकडे टक लावून बघायला लागला. यंदा मृगात एका संध्याकाळी पडवीत भाकरीच्या तुकड्यावरून त्याने मोत्याचा गळा धरला. सोडवताना यजमानांच्या बोटात दात गेला, त्यावर हळद लावली. मोत्याला ११ टाके पडले. दोन आठवड्यांनी बाजीने दगडी गडग्यावरून उडी टाकून शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लोळवलं. माणसांशी तो लोण्याहून मऊ. पाच वर्षांची मुलगी त्याच्या अंगावर लोळते.

सासूबाई म्हणतात, आंब्याच्या बागेत राखणदाराकडे साखळीला बांधा. दीर म्हणतात, शॉकचा पट्टा लावणारा एक ट्रेनर महिन्यात सरळ करून देईल, मग कोल्हापूरची मादी आणून पिल्लंही काढू. शेजारी म्हणतात, या जातीचा मेंदू कवटीत मावेनासा होतो आणि कुत्रा मालकावरच उलटतो. गणपतीला वीसेक माणसं यायची आहेत. त्या विचारतात: "पोटच्या पोरासारखं वाढवलं, कधी हात उगारला नाही. माझं काय चुकलं? दोघांची पुन्हा मैत्री होईल का? होणार नसेल तर बाजीचं काय करू?"

ताई,

बाजीचं नंतर बोलू. आधी तुमच्या यजमानांचं बोट.

भांडणात दात कोणाचा लागला हे सांगता येत नाही. त्याला आता दहा दिवसांहून जास्त दिवस झाले आणि दोन्ही कुत्री खातीपिती, धडधाकट आहेत, म्हणजे त्या चाव्यातून रेबीजचं भय उरलेलं नाही. पण हळद लावली त्या संध्याकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं. पुन्हा असं झालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण लस सुरू केल्यावर. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोबुलिनचं डॉक्टरांना विचारायचं. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. बाजी, मोत्या आणि शेजारचा कुत्रा, तिघांचीही दरवर्षीची लस झाली आहे का, ते कार्ड काढून बघा.

आता तुमचा प्रश्न. "माझं काय चुकलं" हे वाक्य तुमच्या मूळ पत्रात तीनदा आहे. ते वाचताना मला वाईट वाटलं, कारण त्याच्या मागे एक समजूत आहे: मायेने वाढवलेला कुत्रा भांडत नाही, आणि भांडला तर माया कुठेतरी कमी पडली. तसं नसतं. बाजी बिघडलेला नाही. तो मोठा झाला आहे.

पिल्लू सहासात महिन्यांत शरीराने वयात येतं, पण स्वभावाने पुरतं मोठं व्हायला एक ते तीन वर्षं लागतात. पिल्लू असताना वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांत मिसळणारा कुत्रा या टप्प्यावर बदलतो. काही ठरावीक कुत्रीच त्याला चालतात, काहींना एकही चालत नाही. दोन नर किंवा दोन माद्या असतील तर खटके जास्त उडतात. हे गावठीतही होतं. फरक हा, की दोन गावठी कुत्री भांडली तर आवाजच फार होतो. गुरगुरतात, दात दाखवतात, एक शेपूट घालतो आणि दुसरा थांबतो. बाजीच्या रक्तात ते थांबणं कमी आहे.

इंग्लंडात पूर्वी बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला, तेव्हा शौकीन लोक कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले. त्या आडजागेत, लपूनछपून लावता येत. बुलडॉगचा जोर आणि टेरियरची चपळाई एकत्र आणून त्यासाठी कुत्री पैदा केली गेली. त्यांचा वंश अमेरिकेत गेला आणि १८९८ साली तिथल्या युनायटेड केनेल क्लबने अमेरिकन पिट बुल टेरियर या नावाने त्याची नोंद घेतली. पिट म्हणजे झुंजीचा तो आखाडा. समोरच्याने माघार घेतली तरी न थांबणारा आणि दुखलं तरी न सोडणारा कुत्रा पुढच्या पिल्लांसाठी निवडला जायचा. शेतकरी बियाणं निवडतो तसं.

म्हणून प्रत्येक पिटबुल असाच निघतो असंही नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. आयुष्यभर दुसऱ्या कुत्र्यांशेजारी लोळणारे पिटबुल असतात. पण तुमच्या घरातला बाजी तसा नाही हे त्याने दोनदा दाखवलं आहे, आणि आपल्याला जातीशी नाही, बाजीशी निभवायचं आहे.

शेजाऱ्यांचं मेंदूचं म्हणणं निव्वळ कहाणी आहे. या कुत्र्यांच्या जबड्याला कुलूप लागतं म्हणतात, तेही खरं नाही. जबडा इतर कुत्र्यांसारखाच असतो, त्याला सोडायचं नसतं एवढंच. कुत्र्यावर धावून जाणारा उद्या माणसावर जाईल, हा हिशेबही सरळ जुळत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच कुत्र्यात दोन्ही असतीलच असं नाही. झुंजीच्या आखाड्यात माणसं हातानेच कुत्री धरायची, माणसाला चावणारा त्यांनाही नकोच असे.

एवढं वाचून निश्चिंत मात्र होऊ नका. आपल्याकडे पिटबुल म्हणून विकली जाणारी पिल्लं कशाकशाचा संकर असतात आणि त्यांच्या आईबापांचा स्वभाव कोणी तपासलेला नसतो. लखनौत २०२२ च्या जुलैमध्ये घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या आजींचा जीव घेतला. तुमच्या मुलीला बाजीपासून आज जो धोका आहे तो वेगळा आहे, आणि तो मला अगदी डोळ्यांपुढे दिसतो: दोन कुत्री भिडली आणि लेक "मोत्या, मोत्या" करत मध्ये गेली. त्या क्षणी बाजी बोट आणि मान यात फरक करणार नाही. यजमानांच्या बोटाने ते दाखवलंच आहे. म्हणून लेकीला आजपासून दोन नियम. मोठं माणूस शेजारी नसताना बाजीजवळ जायचं नाही, त्याच्या अंगावर लोळायचं नाही. आणि कुत्री भांडली की घरात पळायचं, दार लावायचं, मोठ्याने हाक मारायची. हे तिच्याकडून खेळासारखं दहा वेळा करून घ्या.

मैत्रीचं विचारलंत. होणार नाही, असं धरून चाला.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझ्याकडे दोन कुत्र्या होत्या, पाच वर्षं एका ताटात जेवलेल्या. एका दुपारी उंबऱ्यात त्या भिडल्या. मी चार महिने त्यांची मनं जुळवायच्या मागे लागले. एकत्र फिरवायचं, एकत्र खायला द्यायचं, "बघ, बहीण आहे ना तुझी" म्हणायचं. दुसऱ्या भांडणात धाकटीचा डोळा गेला. तो माझ्या हट्टापायी गेला. त्यानंतर सहा वर्षं त्या एकाच घरात दोन दारांनी राहिल्या. दोघी म्हाताऱ्या झाल्या, दोघी आपापल्या अंथरुणात गेल्या. ते घर दुःखी नव्हतं. फक्त त्याची दारं बंद असायची.

तुमच्या घरापुढे खरा प्रश्न हाच आहे, ताई. आपली कोकणातली घरं दार बंद करणारी नाहीत. पुढचं दार सकाळी उघडतं ते रात्री निजताना लागतं. पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात, मागच्या दाराने परसात माणूस, कुत्रा, मांजर, कोंबडी सगळं सरळ चालत जातं. शेजारीण हाक न मारता स्वयंपाकघरापर्यंत येते, आणि ते आपल्याला आवडतं. बाजीसारखा कुत्रा अशा घराकडे रोज, न चुकता, लावलेली दारं मागतो. माया तुमच्याकडे भरपूर आहे. घरातली सहाही माणसं कडी लावतील का, हे मला माहीत नाही. ते तुम्ही सगळ्यांना बसवून विचारा.

उत्तर हो आलं, तर अशी विभागणी करा. मोत्याला पुढची बाजू: पडवी, ओटी, अंगण. बाजीला मागची खोली आणि परसू. दोघांच्या मध्ये कायम दोन दारं हवीत, कारण एक कधीतरी उघडं राहतंच. मधल्या दाराला आतून कडी, मुलीचा हात पोचणार नाही इतकी वर. दिवसाच्या पाळ्या लावा. बाजी बाहेर तेव्हा मोत्या आत, आणि उलट. दार उघडण्याआधी मोठ्याने विचारायचं, "मोत्या कुठाय?" आणि उत्तर आल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. माझ्या घरी पाहुणेसुद्धा हे शिकले होते. जेवण, हाडं, माशाचे काटे, खेळणी, सगळं वेगवेगळं. भांडण भाकरीवरून झालं म्हणता, पण भाकरी निमित्त होती. अन्न, उंबरा, मालकाच्या शेजारची जागा आणि कोणी आल्यावरची धांदल, घरातली बहुतेक भांडणं या चारांभोवती पेटतात.

परसाचं कुंपण बदलावं लागेल. चिऱ्याचा तीन-चार फुटी गडगा त्याला अडवत नाही, हे त्याने दाखवलं. निदान सहा फूट जाळी, खालून उकरू नये म्हणून ती जमिनीत गाडलेली किंवा चिऱ्यांत पक्की केलेली, आणि साध्या बेड्याच्या फाटकाऐवजी आपोआप लागणारं फाटक. पूर्ण परसाला परवडत नसेल तर मोठ्या खोलीएवढा भाग जाळीने बंदिस्त करा. वर कौलं किंवा झावळ्यांची सावली हवी. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये तो भाजून निघेल.

सासूबाईंना रागावू नका. त्या नातीच्या काळजीने बोलत आहेत, आणि आपल्याकडे कुत्र्याचं तेच करायची रीत होती. पण बागेत साखळीला बांधणं म्हणजे प्रश्न डोळ्यांआड करणं. साखळीवर असताना दुसरा कुत्रा जवळ आला तर बाजीला पुढे जाता येत नाही की मागे सरता येत नाही. रोज असं धुमसून धुमसून तो जास्तच कडवा होतो, आणि एक दिवस साखळी किंवा पट्टा तुटतो. आपल्या भागात बिबट्या कुत्री उचलतो, बांधलेला कुत्रा त्याला आयताच. शिवाय राखणदार आंबा संपला की जूनमध्ये आपल्या गावी जातो. आषाढात त्या बागेत बाजीला भाकरी कोण नेऊन घालणार? कुत्र्याला दीर्घकाळ आखूड साखळीवर ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही.

हीच बाग मात्र दुसऱ्या कामी येईल. पावसाळ्यात ती रिकामी असते. समुद्रावर रापणीचं जाळं ओढायच्या वेळी कुत्र्यांची टोळी जमलेली असते. पाखाडीची वाट अरुंद, समोरून कुत्रा आला तर बाजूला व्हायला जागा नसते. त्यापेक्षा गडग्याने बंद असलेल्या बागेत तीस फुटी दोरीवर त्याला रोज पाऊण तास हुंगू द्या, पळू द्या. पण उजाडल्यावर आणि दिवस मावळायच्या बराच आधी, आणि गवतात फुरशा सापाकडे लक्ष ठेवून. पट्टा गळ्याला न लावता छातीला लावायचा. थकलेला, डोक्याला काम मिळालेला कुत्रा घरातही शांत बसतो.

ट्रेनरचं. शॉकच्या पट्ट्याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही. बाजीला दुसरा कुत्रा दिसला आणि त्याच क्षणी मानेला झटका बसला, तर त्याच्या डोक्यात काय जुळेल? कुत्रा दिसला की दुखतं. आधी नावड होती, आता त्यात भीती आणि वेदना. काही कुत्री झटक्याच्या धाकाने गुरगुरणं सोडतात आणि घरचे म्हणतात, सुधारला. सुधारलेला नसतो. सूचना देणं बंद झालेलं असतं, चावा तसाच आत असतो. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये ते यासाठी. ट्रेनर निवडताना एकच विचारा: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात खाऊ, अंतर आणि संयम असेल तर बोलणं पुढे न्या. "धाक दाखवतो" असं आलं तर चहा देऊन निरोप द्या.

त्याच्याही आधी पशुवैद्य. दुखणारा कुत्रा तापट होतो, आणि आपल्या दमट हवेत गोचीड तापाचं प्रमाण भरपूर. रक्त तपासा, सांधे, दात, कान बघून घ्या, थायरॉइडचंही विचारा. नसबंदी दोघांचीही करा. नरांमधली चुरस त्याने काही अंशी कमी होते, भटकणं कमी होतं. पण एकदा लागलेली भांडणाची सवय शस्त्रक्रियेने जात नाही, तेव्हा टाके निघाले म्हणून दोघांना एकत्र सोडू नका.

आणि पिल्लांचं दिरांना स्पष्ट नाही म्हणा. नाही म्हणायला अवघड जात असेल तर हे पत्र वाचायला द्या. दोन कुत्र्यांवर धावून गेलेल्या नराची सहा-आठ पिल्लं हौशी लोकांच्या फ्लॅटमध्ये पाठवायची, म्हणजे तुम्ही आज ज्यात आहात त्यात आणखी सहा-आठ घरं लोटायची.

दूरवर कुत्रा दिसला तरी बाजीने शांत राहावं, एवढं शिकवता येतं. ते मैत्रीसाठी करायचं नाही, रस्त्याने पशुवैद्याकडे जाता यावं म्हणून करायचं. त्याच्या शरीराकडे बघायला शिका. हलकं उघडं तोंड एकदम मिटतं. भार पुढच्या पायांवर जातो. शेपूट ताठ होऊन वर जाते, अंग दगडासारखं होतं, नजर हलत नाही. पत्रातलं ते टक लावून बघणं हीच सूचना होती. ती सहा महिने मिळत होती, पण ती वाचायची असते हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या अंतरावर त्याला कुत्रा दिसतो पण अंग ताठत नाही, ते अंतर शोधा. शंभर फूट असेल, दोनशे असेल. तिथे थांबायचं. त्याने कुत्र्याकडे पाहिलं की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. काही आठवड्यांनी कुत्रा दिसताच तो तुमच्या हाताकडे वळेल. अंतर कमी करायची घाई करू नका. एका दिवशी मेघगर्जना, पाहुणे आणि वाटेत मांजर असं सगळं झालं असेल तर त्या दिवशी सुट्टी द्या. कुत्र्याचा ताण साठत जातो.

तोंडाला जाळीची टोपली आजच मागवा. कापडी, तोंड आवळणारी नको. आपल्या उकाड्यात कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, तोंड आवळलं तर त्याला उष्माघात होईल. टोपलीत त्याला तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. आधी आठवडाभर नुसता टोपलीतून खाऊ द्या, मग क्षणभर बंद लावा, मग मिनिटभर. दोन-तीन आठवड्यांत टोपली दिसली की तो स्वतः तोंड घालेल. आवारातून बाहेर पाऊल टाकायचं ते टोपली आणि पट्टा घालूनच. बागेत आत गेल्यावर, फाटक लावून, कोणाची कुत्री आत नाहीत हे बघून मगच टोपली काढायची.

तरीही भांडण लागलं, तर हात तोंडाजवळ नेऊ नका. अजून धरलेलं नसेल तर दोघांच्या मध्ये काहीतरी घाला: फळी, खुर्ची, आंब्याची क्रेट. तुमच्याकडे क्रेट ढिगाने असतील, एक पडवीत आणि एक परसात कायम राहू द्या. धरलं नसेल आणि दोन मोठी माणसं असतील, तर एकाने एकाच्या, दुसऱ्याने दुसऱ्याच्या मागच्या पायांना धरून, हातगाडी उचलतात तसं उचलून, मागे मागे न्यायचं. बाजीने धरलेलं असेल तर मात्र ओढू नका, ओढलं की मांस फाटतं. अशा वेळी त्याला मागून मांड्यांत घट्ट धरून गळ्यातला पट्टा पिळून तो सोडेपर्यंत थांबतात. दाढांच्या मागे लाकडी पाचर घालून फिरवण्याचीही एक रीत आहे, पण ती जाणत्याकडून शिकल्याशिवाय करू नका. आरडाओरडा आणि काठ्यांनी तो आणखी घट्ट धरतो.

शेजाऱ्यांकडे गेलात का? पत्रात दिसलं नाही. उद्याच जा, दोघंही. औषधाचा खर्च द्या, आणि कुंपण कधी पुरं होणार ते सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण वाडीत कायद्याआधी बोलणं असतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुलसह २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना पत्र लिहिलं होतं. ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द ठरवलं. त्या पत्राचा धाक कोणी दाखवला तर घाबरू नका, आणि ते रद्द झालं म्हणून सैलही होऊ नका.

गणपतीचे दिवस मला सर्वांत जास्त भिववतात. आरती, फटाके, जाखडी नाचाची मंडळी, चाकरमान्यांची पोरं, आणि दिवसभर उघडं दार. जमत असेल तर बाजीला त्या दिवसांपुरतं दुसरा कुत्रा नसलेल्या, त्याच्या ओळखीच्या माणसाच्या घरी ठेवा. त्या घराची सवय आतापासून लावा. नाही जमलं तर मागच्या खोलीला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाच्या कमरेला. "काका, कुत्रा दाखवा ना" म्हणणाऱ्या कुठल्याही पोराला ती खोली उघडायची नाही. पंखा, पाणी, चघळायला काहीतरी, आणि पहाटे घर उठायच्या आधी एक फेरी. मोत्यालाही त्या गर्दीत निवांत कोपरा लागेल.

घरच्यांचं उत्तर नाही आलं तर? तर ते नाही खरं माना. आठवड्यात तीनदा उघडी राहणारी कडी कडी नसल्यासारखीच. मग बाजीसाठी दुसरं घर शोधायचं, जिथे कुत्री-मांजरं नाहीत, लहान मुलं नाहीत, अंगात ताकद आणि जातीची माहिती असलेलं प्रौढ माणूस आहे. दोन्ही भांडणं लिहून द्यायची, काही लपवायचं नाही. फुकट द्यायचा आहे अशी जाहिरात टाकू नका. झुंजी लावणारे अशाच जाहिराती शोधतात. झुंज लावणं गुन्हा आहे, तरी तो चोरून होतो. असं घर मिळणं अवघड आहे, हेही तुम्हाला माहीत असावं. कायमचं झोपवण्याचा विचार तुम्ही पत्रात अर्धवट लिहून खोडला आहे, तो मला दिसला. बाजीने भांडणाबाहेर, जाणूनबुजून माणसाला चावल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. आज तो प्रश्न नाही. उद्या माणसावर हल्ला झाला तर पशुवैद्यासमोर बसून तो विचार करावा लागेल, आणि तेव्हा तो केला म्हणून तुम्ही दुष्ट ठरणार नाही.

शेवटी मोत्याचं. तीन पानी पत्रात त्याच्यावर दीड ओळ आहे: टाके पडले, आणि "हल्ली तो घरात येत नाही, पायरीवरच बसतो." सात वर्षं ते घर त्याचं होतं. बाजी तिथे आला तेव्हा त्याने त्याला आपल्या पोत्यावर जागा दिली. तुम्ही बाजीला कसं वाचवायचं ते विचारता, आणि मी सगळं उत्तर त्याच्यावर लिहून बसले, पण या घरात आता घाबरून जगतोय तो मोत्या. मधलं दार लावलं, कडी घातली, की त्याला स्वतः हात धरून ओटीवर आणा. त्याची जागा बाजीच्या दारापासून लांब, पुढच्या भिंतीशी करा. पहिले काही दिवस त्याच्याजवळ बसून त्याला जेवू घाला. तो त्या बंद दाराकडे बघत राहील. बघू दे. दार बंदच राहतं हे त्याला रोज दिसलं पाहिजे.

गणपती झाल्यावर लिहा. मोत्या पायरीवरून आत आला का, ते आधी लिहा.